चेनची बाजू भिंतीकडे

लालबाग,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अनू हिला,

आशीर्वाद, आणि जगदीशरावांना नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझा दिवाळीचा डबा पोचला. करंज्या फुटल्या होत्या, पण चव शाबूत होती. मी दिवाळीला चिपळूणला आले नाही म्हणून तू रागावली आहेस, हे मला माहीत आहे. रागव. राग उतरला की पुढचं वाच, कारण बातमी मोठी आहे.

मी सायकल घेतली.

हसू नकोस. साधी लेडीज सायकलही नव्हे. माउंटन बाइक म्हणतात ती. जाड टायर, आडवा दांडा, पुढे-मागे दात्यांच्या चकत्यांची चळत आणि दोन्ही मुठींना गिअरचे खटके. रंग कधीकाळी लाल असावा.

आपल्या गॅलरीत शेवटच्या खोलीत राहणारा हितेंद्र तुला आठवत असेल. जाड, हसरा, बायको प्रिती. त्याने लॉकडाउनमध्ये वजन कमी करायला म्हणून ही कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. एकदा शिवाजी पार्कपर्यंत गेला आणि येताना सायकल टॅक्सीच्या टपावर टाकून आला. तेव्हापासून ती गॅलरीत उभी. या दिवाळीच्या साफसफाईत प्रितीने सांगितलं, "एक तर ही सायकल जाईल, नाहीतर मी." हितेंद्रने विचार करायला वेळ घेतला, त्यावरून वेगळं भांडण झालं. शेवटी भंगारवाला वर आला. त्याने सीटला हात घातला आणि मी दारातून म्हटलं, "सोड. ती मी घेते."

हितेंद्र माझ्याकडे बघत राहिला. "ताई, तुम्ही? आता?"

"आता म्हणजे?"

त्याने भंगारवाल्याला परत पाठवलं. पाठवलं ते बरं केलं.

शेजारच्या रखमाकाकू चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्याच. "काय गो शैला, ह्या वयात सायकल? आता इमान कधी घेतलंस तां सांग."

"विमान गॅलरीत मावणार नाही, काकू."

आता मुद्द्याचं. ही सायकल चालते, ब्रेक लागतात, पण गिअर पडत नाहीत. उजव्या मुठीपाशी एक खटका आहे. तो अंगठ्याने पुढे ढकलला की मागची चेन लहान चकतीवरून मोठीवर चढते आणि पायडल हलकं होतं, म्हणजे चढ चढता येतो. दुसरा छोटा खटका बोटाने ओढला की चेन परत खाली. एवढंच शास्त्र. पण माझ्या अंगठ्याने तो खटका हलतच नाही. जोर लावून हललाच, तर चेन टकटक करते, दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते आणि उडी मारून मूळ जागी येते. खालच्या सायकलवाल्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "आजी, ह्यात दम नाही. नवीन घ्या." मी म्हटलं, "आजी कोणाची?" आणि वर घेऊन आले. म्हणजे हितेंद्रने आणली, मी मागून आले.

मी जन्मभर टेलिफोन खात्यात तक्रारी घेतल्या. तिथे पहिला धडा हाच होता: दोष उपकरणात आहे की लाइनमध्ये, ते आधी ठरवा. फोन बंद पडला म्हणून माणूस रिसीव्हर आपटतो, आणि फोन बिचारा चांगला असतो, तार कुठल्यातरी खड्ड्यात तुटलेली असते. कधी उलट. म्हणून एका वेळी एकच गोष्ट तपासायची. अंदाजाने पाने फिरवायचे नाहीत.

पहिली पायरी साफसफाई. मी सीटला दोरी बांधून सायकल गॅलरीच्या तुळईला टांगली, मागचं चाक अधांतरी. टर्पेंटाइन, जुना टूथब्रश आणि अजितांचा एक जुना बनियन. चेनमधून काय काय निघालं म्हणून सांगू! काळा चिखल, कोणाचे तरी केस, गणपतीतल्या गुलालाचे गोळे. दुपारपर्यंत चेन चांदीसारखी चमकायला लागली. संघमित्रा आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. ती म्हणाली, "मावशी, आज साबणाचा खर्च माझ्याकडून."

खटका मात्र अजून तसाच. पण मी खूश आहे. एक शक्यता बाद झाली.

तू पुन्हा आपल्या कराराची आठवण करून दिलीस. मी विसरलेले नाही. अजित गेले आणि मी एकटी उरले त्या वर्षी आपण दोघींनी ठरवलं होतं: एकीला स्वतःचं स्वतः जमेनासं झालं की तिने वाद न घालता सामान बांधून दुसरीकडे राहायला जायचं. मी शब्द मोडत नाही, हे तुला माहीत आहे. पण तो दिवस उजाडला की नाही, हे मी ठरवणार.

फोनवर मी दोन वाक्यं बोलून ठेवून देते, ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून तर पत्र लिहिते. ते एका बैठकीत लिहिलेलं नाही, रोज थोडं थोडं लिहिलंय, तेव्हा शाई बदललेली दिसेल. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

कामात गुंतलेली,
तुझी ताई


लालबाग,
२३ नोव्हेंबर

प्रिय अनू,

तुझं पत्र आलं. तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. पण बाई, सायकलीबद्दल अर्धी ओळ आणि बाकी नुसती उलटतपासणी! ताई, अक्षर असं कोंबडीचे पाय का? संघमित्रा कोण? दिवाळीला खरंच का आली नाहीस?

क्रमाने सांगते. अक्षराचा पगार निवृत्तीबरोबर बंद झाला. संघमित्रा नायगावच्या बीडीडी चाळीतली मुलगी, दवाखान्यात नोकरी करते. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येते. माझ्यापेक्षा कडक आहे, म्हणून मला आवडते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे कधीतरी.

आता ऐक. मोठा शोध लागला!

साफसफाई झाल्यावरही उजव्या अंगठ्याने खटका हलेना. मी तीन सकाळी त्याच्याशी झटापट केली. अंगठा दुखायला लागला, मन तर त्याच्याही आधी. गॅलरीत स्टूल टाकून बसले आणि स्वतःवर चिडले. जन्मभर लोकांना सांगितलं, दुसरा फोन लावून बघा, आणि स्वतःच्या वेळेला विसरले! मग उठले, सायकलच्या पलीकडून गेले आणि तोच खटका डाव्या हाताने दाबला.

डाव्या हातानेही हलला नाही!

अनू, मी ओरडलेच. प्रिती पोळ्या टाकून धावत आली. "काय झालं ताई? पडलात?"

"हलत नाही!" मी म्हटलं. "डाव्या हातानेसुद्धा हलत नाही!"

ती बिचारी माझ्याकडे, मग खटक्याकडे बघत राहिली. "मग... चांगलं झालं ना?" असं घाबरत म्हणाली. मी म्हटलं, फार चांगलं झालं. तुलाही यात आनंदासारखं काय आहे ते कळणार नाही. असू दे. एवढंच समज की दोष तारेत निघाला.

खटक्यापासून मागच्या चाकापर्यंत एक बारीक पोलादी केबल जाते, वरून प्लास्टिकची नळी. आपल्या हवेतलं खारं दमट पाणी त्या नळीत शिरून बसलं होतं. इतके पावसाळे गॅलरीत काढलेत त्या सायकलीने. केबल ओढून काढली तर तांबूस भुगा सांडला आणि अर्ध्यावर तिचे धागे पिंजलेले. हितेंद्रला दादरला पाठवून नवी केबल आणि नळी आणवली. बसवणं मात्र माझ्या देखरेखीखाली. केबल ताणून धरायची आणि त्याच वेळी नट आवळायचा, याला दोन माणसं लागतात. आमचं संभाषण पूर्ण चाळीने ऐकलं.

"ताण. अजून ताण. हितेंद्र, शेवया करतोस का?"

"ताई, बोट कापलं माझं."

"रक्त केबलला लावू नकोस, गंज धरेल."

नट आवळला. पायडल फिरवत मी डाव्या हाताने खटका दाबला. खट्! लोण्यात सुरी गेल्यासारखा. चेन चढली. पुन्हा खट्, पुन्हा चढली. हितेंद्र टाळ्या वाजवायला लागला. मग मी हात बदलला आणि उजव्या अंगठ्याने

नळाला पाणी आलं. उठते.

पाणी भरून झालं. कुठे होते? हं. केबल सुधारली, पण गिअर अजून पुरते जमलेले नाहीत. केबल जिथे मागच्या यंत्राला मिळते तिथे एक फिरकी असते. ती डावीकडे किंचित फिरवली की ताण वाढतो, उजवीकडे फिरवली की कमी होतो. मधल्या चकत्यांवर चेन आता अगदी गुमान चालते. पण ती मोठ्या चकत्यांसाठी जुळवली की लहान बिघडतात, आणि लहान जुळवल्या की मोठ्या. सगळ्यात मोठीवर तर ती चढतच नाही, कोणीतरी दार लावून घेतल्यासारखी. दोन दिवस मी फिरकी इकडे, फिरकी तिकडे करते आहे. फिरकीच्या बाहेर काहीतरी वाकडं आहे, पण ते अजून दिसलेलं नाही.

रखमाकाकूंनी काल विचारलं, "मेलां दुरुस्त झालां तरी तू खंय जातलंस?" म्हणजे ते मेलं दुरुस्त झालं तरी तू जाणार कुठे? मी म्हटलं, "चिंचपोकळीच्या पुलावर." तोंडातून सहज निघालं. पण निघाल्यावर मला ते पटलं.

तुला आठवतो ना तो पूल? आप्पांचा जेवणाचा डबा घेऊन आपण त्याच्यावरून गिरणीकडे जायचो. चढ अर्धा झाला की तू कठड्याला पाठ लावून फतकल मारायचीस. "ताई, मी इथे बसते, तू जाऊन ये." एकदाही वर आली नाहीस, लबाड.

डोक्यात फिरकी फिरते आहे अशी,
ताई


लालबाग,
५ डिसेंबर, शुक्रवार

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच. जगदीशराव जवळ असतील तर त्यांनाही बसव. आधी सायकलीचं लिहिते, कारण दुसरं लिहायला मला थोडी धाव घ्यावी लागणार आहे.

सापडलं! वाकडं काय होतं ते सापडलं, आणि ते कोणी वाकवलं तेही.

मंगळवारी सकाळी मी पाटावर बसून सायकलकडे बरोबर मागून पाहिलं. इतके दिवस मी बाजूनेच बघत होते. मागच्या चकत्यांखाली चेन ज्यातून जाते ते यंत्र लोंबत असतं. ते ओळंब्यासारखं सरळ लोंबायला हवं. ते चाकाकडे कललेलं होतं, कोणीतरी बाहेरून ढकलल्यासारखं. ते ज्या लोखंडी पट्टीला टांगलेलं असतं ती पट्टीच आत वाकलेली. पट्टी वाकडी असेल तर फिरकीने काय होणार!

पण सायकल तर पाच वर्षं नुसती उभी. पडली नाही, आपटली नाही. मग वाकली कशी? मी मान वळवली. गॅलरीत भिंतीला लागून आणखी दोन गिअरवाल्या सायकली उभ्या होत्या. दोन्ही तशाच, गिअरचं अंग भिंतीला दाबलेलं. आणि त्यांच्या वर पाटी. माझ्या हातची, ठळक अक्षरांत: "सायकल लावताना चेनची बाजू भिंतीकडे ठेवावी."

तुला ती पाटी आठवते? रखमाकाकूंच्या नातीच्या साखरपुड्यात तिच्या आत्याच्या पैठणीला चेनचं काळं लागलं होतं, तेव्हा मी लावली. तेव्हापासून या मजल्यावर कोणाची हिंमत नाही उलटी सायकल लावायची. आणि गॅलरी एवढीशी. येणारा-जाणारा प्रत्येक जण सायकलला कमरेने धक्का देऊन भिंतीकडे सारतो. रखमाकाकू तर तिचा कठडा करून उभ्या राहतात. मी स्वतः रोज येता-जाता तिला ढकलून "सरळ" लावली आहे. प्रत्येक धक्का थेट त्या पट्टीला.

मी इतर दोन सायकलींनाही मागून पाहिलं. तिन्हींचे गिअर एकाच दिशेला वाकडे!

हितेंद्र हसता हसता खाली बसला. "ताई, मधे एकदा दुरुस्तीला दिली होती, तरी गिअर पडेनात म्हणून इतकी वर्षं मी त्या सायकलवाल्याच्या नावाने बोटं मोडली!"

"मोडून झाली असतील तर पाना आण."

त्याने मोठा पाना पट्टीला लावला, मी मागे बसून नजर धरली. "बाहेर ओढ. हळू. अजून. थांब! थांब म्हटलं ना!"

"ताई, तुम्ही थांब म्हणायच्या आधीच मी घाबरून थांबलेलो असतो."

पट्टी सरळ झाली. तरी सगळ्यात मोठी चकती मिळेना. मग लक्षात आलं, त्या यंत्राला एक छोटा स्क्रू असतो, चेन किती आत जाऊ द्यायची ते ठरवणारा. पट्टी वाकल्यावर चेन चाकाच्या स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून हितेंद्रच्या त्या सायकलवाल्याने तो गच्च आवळून ठेवला होता. म्हणजे सगळ्यात हलका गिअर, चढाचा गिअर, कायमचा बंद! मी तो थोडा थोडा सैल केला आणि पायडल फिरवलं. चेन एकेक पायरी चढत गेली आणि शेवटच्या चकतीवर जाऊन बसली. आवाज नाही. नुसती सळसळ. अनू, मला नाचावंसं वाटलं.

पाटी मी काढली. नवी लावली: "चेनची बाजू बाहेर. आपापली साडी सांभाळावी." रखमाकाकूंनी ती वाचून मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता दुसरं.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी चाळीच्या झेंडावंदनाला निघाले होते. पदराला पिन लावत होते. पिन बोटांत धरताच येईना. हातातून पडली, उचलली, पुन्हा पडली. प्रितीला हाक मारली ती तोंडातून वेडीवाकडी निघाली. हितेंद्रने मला खुर्चीसकट उचलून खाली नेलं आणि परळच्या इस्पितळात पोचवलं. वेळेत पोचलो म्हणून निभावलं. सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताला आणि जिभेला. पाय त्यातून वाचला. मी त्या दोघांना तुला कळवायला बंदी केली. त्यांच्यावर राग धरू नकोस.

संघमित्रा माझे व्यायाम घ्यायला येते. फोन मी टाळते, कारण "लालबाग" म्हणताना माझी जीभ अडखळायची आणि तू पहिल्या शब्दाला ओळखलं असतंस. दिवाळीला आले नाही, कारण तू माझ्या हाताने करंजी दुमडून मागितली असतीस. आणि ही सगळी पत्रं डाव्या हाताची आहेत.

मी खोटं एकही वाक्य लिहिलेलं नाही. पण सांगितलंही नाही. ते का, तर करार. सांगितलं असतं त्या दिवशी तू दारात टॅक्सी आणली असतीस, आणि मला वाद घालता आला नसता, कारण शब्द दिलेला. आणि खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं, मी पुरती गेले आहे की थोडी. संघमित्राने एक पिवळा रबरी बॉल दिला आहे, तो दाबायचा. पण बॉल काय, किती दाबला तरी गप्प. त्यावरून काही कळत नाही. त्या दिवशी भंगारवाल्याने सायकलला हात घातला, आणि मला तो अंगठ्याचा खटका दिसला.

मग तो हलेना. आता दोष त्याच्यात की माझ्यात? तुला लिहिलं नाही, पण त्या तीन सकाळी मी तुझ्याकडे यायची बॅग मनात भरली होती. म्हणून डाव्या हातानेही हलला नाही तेव्हा ओरडले. निदान सगळा दोष माझा नव्हता.

नवी केबल बसल्यावर उजव्या अंगठ्याने मी अर्ध्यापर्यंत गेले. तेवढ्यात नळाला पाणी आलं, ते खरंच आलं होतं, पण लिहायचं टाळलंही. पट्टी सरळ झाल्यावर आणखी पुढे गेले. सायकल टांगलेली असताना आता शेवटची चकती कधी मिळते, कधी नाही. यंत्राचे सगळे दोष काढून झाले आहेत, अनू. आता जो उरेल तो माझा.

बॉल सोडून मी खटकाच दाबत बसते, हे संघमित्राला कळलं तेव्हा ती आधी चिडली. "मावशी, बॉल कुठाय?"

"फळीवर."

तिने मला खटका दाबायला लावला, माझ्या अंगठ्यावर बोट ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "बॉलपेक्षा बरं आहे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस्त्यावर नाही. हेल्मेट घालायचं. मी बरोबर असणार. आणि मी सांगितलं की उतरायचं." डॉक्टरांनी हो म्हटलं. खालच्या पटांगणात मी दहा-बारा फेऱ्याही मारल्या. शनिवारी सहा डिसेंबर, तिची चैत्यभूमीला औषधोपचाराच्या मंडपात पाळी आहे. म्हणून रविवार ठरला.

तर रविवारी सकाळी चिंचपोकळीचा पूल. अट मी घातली आहे. चढावर उजव्या अंगठ्याने शेवटचा गिअर टाकायचा आणि पाय जमिनीला न लावता माथा गाठायचा. जमलं, तर मी लालबागलाच राहीन आणि तू तो विषय काढायचा नाहीस. नाही जमलं, तर आठवड्याभरात सामान घेऊन तुझ्या दारात. बॅग भरून ठेवली आहे, खरोखरची.

हे पत्र शनिवारीच पेटीत टाकते. मागे फिरायची सोय नको. तुला मिळेल तेव्हा निकाल लागलेला असेल.

रडू नकोस. रडलीस तरी डोळे पुसून पुन्हा गिअरचा भाग वाच, तो चांगला जमला आहे.

तुझी,
अजून लालबागची,
शैला


लालबाग,
९ डिसेंबर

अनू,

हे अक्षर बघ. मोठं आहे, ओळ उतरत गेली आहे, पण बघ. पत्र छोटं होईल, कारण एवढ्यालाच सकाळ गेली.

रविवारी निघताना रखमाकाकू गॅलरीतून ओरडल्या, "परत येतलंस मां गो?" नेहमीचा टोमणा नव्हता तो. मी हात वर केला. उजवा.

पुलाच्या पायथ्याशी हितेंद्र एका बाजूला, संघमित्रा दुसऱ्या. रस्ता मोकळा. चढ लागला. पहिला खटका पडला, दुसरा पडला, पुढचेही पडले. पाय भरून आले तेव्हा शेवटचा दाबला. अंगठा अर्ध्यावर जाऊन थरथरायला लागला. खाली चेन टकटक करत होती. मी मोठ्याने म्हटलं, "चल ग बाई." कोणाला म्हटलं, माहीत नाही.

खट्.

टकटक थांबली. सळसळ सुरू झाली. पायडल एकदम इतकं हलकं झालं की मला हसू फुटलं. आणि हसता हसता माझी नजर गेली कठड्याकडे, तू जिथे फतकल मारायचीस त्या जागेकडे. तोल गेला. पाय टेकला.

अर्ध्या चढावर, अनू. बरोबर तुझ्याच जागी.

हितेंद्र म्हणाला, "ताई, हे धरायचं नाही. कोणी बघितलं नाही."

"मी बघितलं. नियम माझा आहे."

संघमित्रा सायकलचं हँडल धरून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "गॅलरीतला नियमही तुमचाच होता ना, मावशी?"

मला ती काढलेली पाटी आठवली. मी तिच्याकडे बघितलं, मग चढाकडे. म्हटलं, "हँडल सोड." आणि तिथूनच, मध्यावरूनच, पुन्हा पायडल मारलं. थांबलेल्या सायकलवर चढात सुरुवात करणं किती कठीण, ते हितेंद्रला विचार. तो धापा टाकत मागून धावत होता. माथ्यावर पोचले तेव्हा गिरणीच्या बाजूला ऊन आलं होतं. तू कधी बघितलं नाहीस ते. मीच सांगायची तुला खाली येऊन.

तर निकाल असा. अंगठा पास. पाय नापास, मग पुरवणी परीक्षेत पास. मी इथेच राहते. पण तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं नाही असं म्हणायला तोंड नाही. तेव्हा करारात एक ओळ वाढवते: ज्या दिवशी होईल त्याच दिवशी सांगायचं. दोघींनी.

भरलेली बॅग मी उघडली नाही. शुक्रवारी येते, चार दिवस राहायला. परतीचं तिकीट आधी काढलं, मग जायचं. सारण तयार ठेव. करंज्या मी दुमडीन, वाकड्या झाल्या तर जगदीशराव खातील. आणि जानेवारीत तू इकडे यायचं. पूल आहे, सायकल आहे, वर जाऊन ऊन बघायचं. अर्ध्यावर बसायला मिळणार नाही.

आज संध्याकाळी फोन करते. लालबाग म्हणून दाखवते.

तुझी ताई,
उजव्या हाताने